ग्रॅफाइटचा कस : प्रस्तावना

सोन्याचा कस कसोटीच्या दगडावर उमटलेल्या रेघेवरून पाहतात. पण ग्रॅफाइटचा कस पाहावयाचा तर नमुना तापवून त्यातील बाष्पशील अंश उडवून लावावा लागतो, उरलेला भाग भट्टीच्या लाल आचेत, मोकळ्या हवेत, संपूर्ण जाळावा लागतो, मागे जी राख राहील ती बारीक तराजूवर तोलावी लागते, आणि ही दोन्ही वजने शंभरातून वजा करून, जो पदार्थ आता अस्तित्वातच उरलेला नाही त्याचे प्रमाण सांगावे लागते. खनिजशास्त्राच्या दप्तरात ज्याला ‘स्थिर कार्बन’ म्हणून नोंदतात तो असा वजाबाकीने हाती येणारा आकडा आहे. प्रस्तुत ग्रंथाचा विषय वरवर पाहता ग्रॅफाइट हा असला, तरी खरा विषय ती मागे उरणारी राख हाच आहे : ती खनिजात कोठून येते, कोणत्या रूपाने दडून बसते, आणि खनिज न जाळता तिला यांत्रिक व रासायनिक उपायांनी बाहेर कसे काढता येते.

ग्रॅफाइट म्हणजे स्फटिकरूप कार्बन. त्याच्या अणूंची षट्कोनी जाळी एकावर एक रचलेल्या पापुद्र्यांच्या रूपाने असते. एकेका पापुद्र्यातील बंध अत्यंत बळकट आणि दोन पापुद्र्यांमधील ओढ अत्यंत क्षीण, यामुळे हे खनिज बोटांना बुळबुळीत लागते, कागदावर घासले असता झिजून रेघ उमटवते, आणि धातू नसूनही वीज वाहून नेते. इतक्या साध्या घटनेचा हा पदार्थ ओळखण्यास मात्र रसायनशास्त्राला फार काळ लागला. पुष्कळ दिवस त्याला शिशाचा एक प्रकार समजत, आणि आपल्याकडे अजून रूढ असलेला ‘शिसपेन्सिल’ हा शब्द त्या समजुतीचाच अवशेष आहे. 1779 साली कार्ल विल्हेल्म शेले या स्वीडनमधील रसायनज्ञाने ते सोऱ्याबरोबर जाळून दाखविले आणि त्यातून कोळशाप्रमाणेच कर्बवायू निघतो हे सिद्ध केले. तरीही 1786 साली फ्रान्समधील बर्थोले, मोंझ आणि वांदरमोंद या त्रयीने, ग्रॅफाइटच्या नमुन्यांत हटकून आढळणाऱ्या लोहाच्या अंशामुळे, ते कार्बन आणि लोह यांचे संयुग असल्याचा निर्वाळा दिला, आणि हा समज पुढे कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांतून नांदत राहिला. अशुद्धीने शास्त्रज्ञांना चकविल्याचा हा दाखला येथे मुद्दाम देण्याचे कारण असे की, निकस ग्रॅफाइटविषयीचा आजचा लौकिक समजही काहीसा त्याच जातीचा आहे. निकस म्हटले की त्यातील कार्बनच हलक्या प्रतीचा असावा असे वाटते. वस्तुस्थिती अशी की, दहा टक्के कार्बन असलेल्या दगडातील पत्रीदार ग्रॅफाइटचे पापुद्रे स्फटिक म्हणून पाहता बहुधा उत्तम असतात; दारिद्र्य असते ते संगतीचे. शुद्धीकरणाचे सर्व शास्त्र म्हणजे ही संगत ओळखण्याचे आणि ती कोठवर तोडावयाची हे ठरविण्याचे शास्त्र होय, आणि या ग्रंथाचे सूत्रही तेच आहे.

जेथे निसर्गाने ही संगत मुळातच तुटक ठेवली तेथे शुद्धीकरणाची गरज फारशी पडली नाही. इंग्लंडच्या उत्तरेस, कंबरलंड परगण्यातील बॉरोडेलच्या डोंगरात, सोळाव्या शतकात सापडलेले ग्रॅफाइट इतके घट्ट आणि निर्मळ होते की ते करवतीने कापून थेट लाकडात बसवीत. तोफगोळ्यांच्या साच्यांना लेप देण्यासाठीही त्याचा उपयोग होत असल्यामुळे त्याला एवढे मोल आले की, 1752 साली ब्रिटिश पार्लमेंटला या खाणीतील चोरीच्या बंदोबस्तासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. सिंहलद्वीपात बोगला व कहटगह येथील शिरांतून निघणारे ग्रॅफाइटही असेच श्रीमंत असून, नव्वद टक्क्यांच्या वर कार्बन असलेला तो माल हाताने निवडून व खरवडून विलायतेतील मूस तयार करणाऱ्या कारखान्यांकडे जात असे. परंतु अशा शिरा पृथ्वीवर विरळ. बॉरोडेलचा माल इंग्लंडशी चाललेल्या युद्धामुळे फ्रान्सला मिळेनासा झाला तेव्हा निकोला-झाक कोंते याने हलक्या ग्रॅफाइटची पूड चिकणमातीत मळून व भाजून पेन्सिलीची कांडी तयार केली, आणि 1795 साली त्या हुन्नराची सनद मिळविली. त्याने ग्रॅफाइटमधून राख काढली नाही. उलट हिशेबाने राखच घातली. मातीचे प्रमाण वाढविले की रेघ फिकी व कांडी कठीण, कमी केले की रेघ गडद व कांडी मऊ, हे त्याचे तत्त्व आजच्या प्रत्येक पेन्सिलीत जिवंत आहे. आणि शुद्धता ही उपयोगाच्या अपेक्षेनेच मोजावयाची असते, ही गोष्ट या व्यवसायाच्या आरंभीच त्यामुळे स्पष्ट झाली.

भारतात ग्रॅफाइट नाही असे नाही. आहे, आणि पुष्कळ ठिकाणी आहे, पण ते बहुतेक निकस आहे. पूर्व घाटातील खोंडलाइट नावाच्या, खोंड लोकांच्या मुलखावरून ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन रूपांतरित खडकात ओडिशाच्या बलांगीर, कालाहांडी, रायगडा या जिल्ह्यांत ते सापडते. झारखंडात पलामूकडे सापडते. तामिळनाडूत शिवगंगेच्या साठ्यातील दगडात स्थिर कार्बनाचे प्रमाण सरासरीने चौदा टक्क्यांच्या आसपास आहे. अरुणाचल प्रदेशातही मोठे साठे नोंदले गेले आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाच्या चिखलात गाडल्या गेलेल्या सेंद्रिय द्रव्यावर प्रचंड उष्णता व दाब यांचा अंमल झाला तेव्हा त्यातील कार्बनाचे ग्रॅफाइट झाले, आणि त्याच वेळी सभोवतीच्या चिखलाचे क्वार्ट्झ, फेल्स्पार, अभ्रक, सिलिमनाइट व तामडा झाले. म्हणजे मित्र आणि मळ एकाच भट्टीत, एकाच वेळी, एकमेकांना बिलगून जन्माला आले. महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध येतो तो नागपुरामुळे. भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय तेथे असून देशभरच्या खनिजांचे नमुने त्याच्या संस्करण-प्रयोगशाळेत तपासणीस येतात. आणि आपल्या खनिजांचा कस वाढविण्याचे जे काम जमशेदपूर व भुवनेश्वर येथील प्रयोगशाळांतून चालते, त्याच्या बरोबरीने नागपूरचेही नाव घ्यावे लागते. 2023 साली केंद्र सरकारने जी तीस अत्यावश्यक खनिजांची यादी जाहीर केली तीत ग्रॅफाइटचा समावेश आहे. त्यामुळे जो विषय आजवर मोजक्या तज्ज्ञांचा समजला जात होता तो आता उद्योग आणि राज्यकारभार या दोहोंच्या विचाराचा झाला आहे.

शुद्धीकरणाचा पहिला टप्पा भौतिक. दगड फोडावयाचा, दळावयाचा, आणि ग्रॅफाइटचे कण दगडाच्या कणांपासून सुटे झाले की त्यांना वेगळे काढावयाचे. ऐकण्यास हे सोपे वाटते. अडचण अशी की ज्याला सोडवावयाचे तेच या साऱ्या जमावात सर्वांत नाजूक आहे. काठिण्याच्या मापात ग्रॅफाइट एक ते दोन, क्वार्ट्झ सात. चक्कीत दोन्ही एकत्र घातले की क्वार्ट्झ ग्रॅफाइटला दळते आणि ग्रॅफाइट क्वार्ट्झला माखते. मग काळ्या लेपाखाली लपलेला दगडाचा कणही ग्रॅफाइट असल्याची बतावणी करून मालात शिरतो. शिवाय बाजारात ग्रॅफाइटची किंमत केवळ कार्बनावर ठरत नाही, पत्रीच्या आकारावरही ठरते. सुमारे दीडशे ते तीनशे मायक्रॉनांहून मोठी पत्री मुशी व उच्चतापसह विटा करणाऱ्यांना हवी असते. ती एकदा दळली गेली की कोणताही उपाय तिला पूर्ववत मोठी करीत नाही. म्हणून जाणता कारखानदार एका दमात दळत नाही. तो प्रथम रॉड मिलमध्ये जाडसर दळतो, सुटलेली मोठी पत्री काढून घेतो, मग उरलेल्या भागाला पुन्हा दळतो, पुन्हा काढतो, आणि असे चार-सहा वेळा करीत पायरीपायरीने वर चढतो.

हे ‘काढणे’ ज्या युक्तीने होते ती फेनप्लवनाची. ग्रॅफाइटला पाण्याचे वावडे आहे आणि तेलाची ओढ. क्वार्ट्झचा स्वभाव नेमका उलटा. दळलेला दगड पाण्यात कालवून त्यात किंचित रॉकेल किंवा डीझेल टाकले, फेस टिकावा म्हणून पाइन वृक्षाच्या तेलासारखे द्रव्य मिसळले, दगडाचे कण खाली दबून राहावेत म्हणून सोडियम सिलिकेट घातले आणि तळाशी हवा सोडली, की पाण्याच्या दुपटीहून जड असलेले ग्रॅफाइट बुडबुड्यांना चिकटून वर येते आणि फेसाबरोबर काठावरून वाहून जाते. या शोधाचा इतिहासही लक्षात ठेवण्यासारखा आहे. ड्रेस्डेन येथील अडोल्फ व आउगुस्ट बेसेल या बंधूंनी 1877 साली ग्रॅफाइटच्याच शुद्धीकरणासाठी, तेल मिसळलेले खनिज पाण्यात उकळून बुडबुड्यांवर तरविण्याच्या कृतीचे जर्मन पेटंट घेतले. पण ती कृती विस्मृतीत गेली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल येथे जस्ताच्या खनिजासाठी प्लवनाची कला जणू नव्याने शोधली जाऊन जगभर पसरली. आज तांबे, शिसे, जस्त ज्या उपायाने कोट्यवधी टनांनी निवडले जाते, त्याची पहिली उमेदवारी ग्रॅफाइटपाशी झाली होती.

प्लवनाची मर्यादा कोठे येते हे समजून घेतल्यावाचून रसायनाकडे वळणे म्हणजे विनाकारण खर्चात पडणे होय. अभ्रक हे ग्रॅफाइटप्रमाणेच पत्रीदार असल्यामुळे फेसाच्या प्रवाहात सहज ओढले जाते. आणि काही खनिजांत क्वार्ट्झ व मातीचे कण, भिजलेल्या पोथीच्या पानांत वाळू शिरावी तसे, प्रत्यक्ष पापुद्र्यांच्या मधोमध बसलेले असतात. त्यांना सोडवावयाचे तर पोथीच फाडावी लागते. कोळशाच्या थरांचे रूपांतर होऊन बनलेल्या, ज्याला व्यापारात ‘अस्फटिक’ म्हणतात पण जे वस्तुतः अतिसूक्ष्म स्फटिकांचे असते, अशा ग्रॅफाइटचा मामला तर याहून बिकट. त्यात कार्बन साठ-सत्तर टक्के किंवा त्याहूनही अधिक असला तरी मळ इतका बारीक विणलेला असतो की दळणाने तो पुरता सुटतच नाही, आणि त्यामुळे चौदा टक्क्यांच्या पत्रीदार दगडाहून सत्तर टक्क्यांचे ग्रॅफाइट शुद्ध करण्यास अधिक अवघड, असा विचित्र प्रसंग उभा राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली दगडाचा पातळ छेद पाहिल्याशिवाय केवळ टक्केवारीवरून यंत्रे मागविणाऱ्याची फसगत होते ती येथेच.

आता थोडा हिशेब मांडू. दहा टक्के कार्बनाचा 100 टन दगड घेतला, तर त्यात 10 टन कार्बन आणि 90 टन मळ. प्लवनाने नव्वद टक्के कार्बन हाती लागला आणि निघालेला माल नव्वद टक्के शुद्ध असला, तर 9 टन कार्बन व 1 टन मळ असा 10 टनांचा माल मिळतो. 89 टन मळ आणि 1 टन कार्बन गाळात जातो. म्हणजे पाणी, हवा आणि थोडेसे तेल एवढ्या स्वस्त साधनांनी 90 पैकी 89 टन मळ दूर झाला. आता हाच माल 99.9 टक्क्यांवर न्यावयाचा, तर उरलेल्या एका टनातून सुमारे 9 किलोच मागे ठेवून बाकी सर्व काढावयाचे. या एका टनासाठीच अम्ले, क्षार, भट्ट्या, गंजरोधक टाक्या आणि धुण्याचे पाणी यांचा सारा सरंजाम उभा करावा लागतो. पहिल्या 89 टनांना जेवढा खर्च आला नाही तेवढा या शेवटच्या टनाला येतो. रासायनिक शुद्धीकरणाचे अर्थशास्त्र या एका वाक्यात सामावलेले आहे.

रासायनिक उपायांत सर्वांत रुळलेला उपाय दाहक सोड्याचा. प्लवनाने आलेला माल दाहक सोड्याबरोबर मिसळून काही शे अंश सेल्सिअसपर्यंत तापविला, तर सोडा 318 अंशांच्या सुमारास वितळून क्वार्ट्झवर तुटून पडतो आणि त्याचे पाण्यात विरघळणारे सोडियम सिलिकेट करतो. अभ्रक व माती यांची अशी संयुगे बनतात की जी पुढे सौम्य सल्फ्यूरिक किंवा हायड्रोक्लोरिक अम्लात विरघळतात, आणि लोहही त्याच अम्लात उतरते. कार्बन मात्र या सर्व प्रसंगांत निर्विकार राहतो. येथे क्रमाला महत्त्व आहे : सिलिकेट पाण्याने पुरते धुऊन काढण्यापूर्वीच अम्ल घातले, तर सिलिकेचा चिकट लगदा बनून गाळण्या तुंबतात आणि सारा माल अडकून पडतो. नेटकेपणाने केले तर या मार्गाने 99 टक्क्यांच्या पुढे जाता येते.

याहून झटपट मार्ग हायड्रोफ्लोरिक अम्लाचा. काच खाणारे हे अम्ल सिलिकेला थेट वायुरूप करते आणि बहुतेक सिलिकेटांना फोडते; हायड्रोक्लोरिक अम्लाच्या जोडीने वापरले असता कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची न विरघळणारी फ्लोराइडे साचून राहत नाहीत, आणि कार्बन 99.9 टक्क्यांच्या पलीकडे जातो. बॅटरीसाठी लागणारे नैसर्गिक ग्रॅफाइट जगात ज्या देशात सर्वाधिक तयार होते त्या चीनमध्ये हाच मार्ग रूढ झाला. पण या अम्लाचा स्वभाव दगाबाज आहे. सौम्य द्रावण त्वचेवर पडले तर जळजळ तत्काळ होईलच असे नाही. ते आत झिरपते, शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते, आणि मोठ्या प्रमाणात गेले तर हृदयक्रियाच थांबवू शकते. ज्या कारखान्यात हे अम्ल आहे तेथे कॅल्शियम ग्लुकोनेटचा लेप हाताशी असणे ही प्राथमिक तजवीज आहे. आणि धुवणाचे पाणी चुन्याने निवळून त्यातील फ्लोराइड गाळाच्या रूपाने वेगळे केल्यावाचून ते ओढ्यात सोडणे म्हणजे आपल्या मालाची शुद्धी शेजारच्या गावाच्या विहिरीतून वसूल करणे होय.

तिसरा मार्ग आचेचा. क्लोरीन वायूच्या प्रवाहात ग्रॅफाइट हजार अंशांच्या वर तापविले की सिलिकॉन, ॲल्युमिनियम व लोह यांची क्लोराइडे बनून उडून जातात. आणि क्लोरीनशिवायही, हवेचा स्पर्श होऊ न देता विजेच्या भट्टीत अडीच-तीन हजार अंशांपर्यंत नेले, तर मळच बाष्प होऊन निघून जातो, कारण त्या तापमानाला टिकून राहणारा पदार्थ तेथे कार्बनावाचून दुसरा नसतो. एडवर्ड अॅचेसन याने सिलिकॉन कार्बाइड तापवून त्यातून कृत्रिम ग्रॅफाइट मिळविण्याचे पेटंट 1896 साली घेतले. त्याच्याच नावाने ओळखली जाणारी भट्टी आज नैसर्गिक ग्रॅफाइटच्या शुद्धीसाठीही वापरतात. अम्लाचा उपद्रव येथे नाही; विजेचे बिल मात्र असे येते की, ज्या प्रदेशात वीज स्वस्त नाही तेथे या मार्गाचा विचार ताळेबंद पाहूनच करावा.

मग कोठवर जावयाचे? ओतशाळेत साच्यांना लेप देण्यासाठी निम्म्यापेक्षा थोडे अधिक कार्बन असलेला मालही चालतो. मुशीत पत्री मोठी असली पाहिजे, थोडी राख खपते, कारण तिथे माती नाहीतरी मिसळावयाचीच असते. वंगणासाठी टक्केवारीपेक्षा राखेचा प्रकार महत्त्वाचा : दोन टक्के मऊ माती एकवेळ सोसेल, पण अर्धा टक्का क्वार्ट्झ बेअरिंगला ओरबाडून काढील. लिथियम-आयन बॅटरीच्या ऋणाग्रासाठी गोलाकार केलेले आणि 99.95 टक्क्यांपर्यंत नेलेले ग्रॅफाइट लागते, आणि पत्रीला गोल आकार देतानाच मालाचा मोठा भाग बारीक भुग्याच्या रूपाने बाजूला पडतो. आणि अणुभट्टीच्या बाबतीत तर टक्केवारीची भाषाच अपुरी पडते. 1941 साली हायडेलबर्ग येथे वाल्टर बोटे याने ग्रॅफाइट न्यूट्रॉन किती गिळते याचे मापन केले आणि उत्तर प्रतिकूल आले. म्हणून अणुभट्टीसाठी जर्मन शास्त्रज्ञ ग्रॅफाइट सोडून जड पाण्याकडे वळले. अटलांटिकच्या पलीकडे लिओ झिलार्ड याने बाजारातील ग्रॅफाइटमध्ये बोरॉनचा लेशमात्र अंशही न्यूट्रॉन गिळून टाकील हे आधीच ओळखून बोरॉनरहित माल मागविला, आणि अशा ग्रॅफाइटच्या विटा रचून 2 डिसेंबर 1942 रोजी शिकागोत फेर्मी या भौतिकशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली पहिली स्वयंपोषी अणुशृंखला घडली. ते ग्रॅफाइट कृत्रिम होते. पण त्यातून निघणारा धडा नैसर्गिक ग्रॅफाइटलाही तेवढाच लागू आहे. दशलक्षात काही भाग इतका चुकीचा मळ, योग्य ठिकाणी पोचलेल्या नव्व्याण्णव टक्क्यांवर पाणी फिरवू शकतो.

या ग्रंथाची मांडणी याच विचाराने केलेली आहे. आरंभी खनिजाची ओळख व राखेचे विश्लेषण, मग दळण व प्लवन, त्यानंतर क्षार, अम्ल व आच यांचे उपाय, आणि शेवटी सांडपाणी, गाळ व खर्च यांचा स्वतंत्र विचार येतो. या शेवटच्या प्रकरणांना परिशिष्टाचा दर्जा दिलेला नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. कारण 90 टन गाळ कोठे साठवावयाचा आणि अम्लाचे पाणी कसे निवळावयाचे, याची व्यवस्था न करता केलेले शुद्धीकरण अर्धेच झालेले असते. तापमाने, अम्लाची तीव्रता, दळणाचा वेळ यांचे जे आकडे पुढे येतील ते वाट दाखविण्यापुरते समजावेत. शिवगंगेच्या दगडाला जी मात्रा लागू पडली ती पलामूच्या दगडाला पडेलच असे नाही, आणि एकाच खाणीच्या दोन तोंडांतील मालही पुष्कळदा एकसारखा निघत नाही. म्हणून जो विद्यार्थी किंवा कारखानदार हे पुस्तक उघडील त्याने प्रथम आपल्या दगडाची राख करावी, ती राख कशाची आहे हे तपासून घ्यावे, ग्राहकाला त्यांपैकी कोणता अंश खपतो आणि कोणता खपत नाही हे लेखी विचारावे, आणि मग कोणते प्रकरण वाचावयाचे ते ठरवावे.